ग्राफ्ट केलेलं हाड धरावं म्हणून: विद्युत आणि चुंबकीय यंत्र घरी नीट कसं वापरायचं

नडगीचं हाड जुळलं नाही म्हणून कमरेच्या हाडातून ग्राफ्ट, म्हणजे भरायचा हाडाचा तुकडा, काढून भरला, प्लेट बदलली, टाके निघाले. पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणतात, एक यंत्र भाड्याने घ्या आणि रोज लावा. ठाण्यात काय किंवा वाशी-नेरूळला काय, यंत्र घरी पोचवणारा माणूस दहा-पंधरा मिनिटांत बटणं दाखवून जातो. पुढचे तीन ते सहा महिने मग घरच्यांनाच निभवायचे असतात. बटणं लक्षात राहतात. पट्टा नेमका कुठे बसायला हवा, रोजचे तास चुकले तर काय बिघडतं, एक्स-रे हातात आला की त्यात काय बघायचं, हे मात्र राहून जातं.

हे यंत्र महाग आहे की स्वस्त, देशी की परदेशी, यावर फारसं अवलंबून नाही. ग्राफ्ट घट्ट बसवलेला असणं, कॉइल (पट्ट्यातलं तारेचं वेटोळं) त्याच्या बरोबर वर येणं आणि रोजचे तास भरणं, या तीन गोष्टींवर सगळं चालतं. पहिली गोष्ट सर्जनच्या हातात आहे, उरलेल्या दोन तुमच्या. यंत्र लावायचं की नाही आणि कुठलं, हा निर्णय तुमच्या अस्थिरोगतज्ज्ञांचाच. पुढचं सगळं त्यानंतरचं आहे.

ग्राफ्टमध्ये आत काय चाललेलं असतं

कमरेतून काढलेल्या स्पंजासारख्या हाडाचा रक्तपुरवठा काढतानाच तुटतो. त्यातल्या बहुतेक पेशी मरतात, पृष्ठभागावरच्या थोड्या जगतात. नव्या जागी बसल्यावर पहिल्या काही आठवड्यांत आजूबाजूच्या भागातून बारीक रक्तवाहिन्या आत शिरतात. त्यांच्याबरोबर आलेल्या पेशी जुनं हाड थोडं थोडं खातात आणि त्या जागी नवं रचतात. ग्राफ्ट ही परांची आहे, बांधकाम शरीरालाच करायचं असतं. हाडपेढीतून आणलेल्या, म्हणजे दुसऱ्याने दान केलेल्या हाडाच्या ग्राफ्टमध्ये जिवंत पेशी नसतात, त्यामुळे तिथे हे काम आणखी हळू होतं.

आता विजेचा संबंध. १९५७ साली जपानमध्ये एइची फुकादा आणि इवाओ यासुदा यांनी हाडावर ताण दिला की त्यात विद्युतभार तयार होतो हे मोजून दाखवलं. पुढे असं दिसलं की हाड किंचित वाकतं तेव्हा दाबली जाणारी बाजू ऋण होते, आणि हाडाची भरही त्याच बाजूला जास्त पडते. पाय तीन महिने जमिनीला टेकलाच नाही तर ताणातून मिळणारा हा संकेत जवळजवळ बंद होतो. तो बाहेरून पुरवायचा, ही या उपचारामागची कल्पना. संकेत मिळाल्यावर पेशींच्या आत कॅल्शियम वाढतं, हाड घडवणारी आणि रक्तवाहिन्या वाढवणारी प्रथिनं जास्त तयार होतात. अमेरिकेत अँड्र्यू बॅसेट यांनी कॉइलची आणि कार्ल ब्रायटन यांनी थेट विद्युतप्रवाहाची पद्धत रुग्णांपर्यंत नेली. १९७९ मध्ये तिथल्या एफडीएने (औषधं आणि उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) न जुळलेल्या हाडांसाठी या यंत्रांना मान्यता दिली.

यंत्र कुठे चालत नाही

हे आधी वाचा, कारण भाड्याचे पैसे इथेच वाया जातात.

हाडाच्या दोन टोकांमध्ये १ सेंटिमीटरपेक्षा किंवा हाडाच्या जाडीच्या निम्म्याहून जास्त मोकळी फट राहिली असेल तर यंत्र ती भरून काढत नाही. स्क्रू सैल झालेत, प्लेट वाकली आहे, पाय उचलला की आत हालचाल जाणवते, तर आधी फिक्सेशन, म्हणजे प्लेट-स्क्रूची पकड, दुरुस्त करावं लागतं. हलणाऱ्या जागी हाडाऐवजी तंतुमय ऊती भरतात आणि कितीही तास यंत्र लावलं तरी त्यांचं हाड होत नाही. फटीत द्रवाने भरलेली पिशवी तयार होऊन खोटा सांधा झाला असेल तर तो शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो. जखमेतून पू येत असेल, सीआरपी आणि ईएसआर (जळजळ आणि संसर्ग दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) चढे असतील, तर आधी जंतुसंसर्ग आटोक्यात आणायचा.

पेसमेकर किंवा हृदयात बसवलेला डिफिब्रिलेटर (बिघडलेला ठोका झटक्याने ताळ्यावर आणणारं यंत्र) असेल तर हृदयरोगतज्ज्ञांच्या लेखी परवानगीशिवाय यंत्र लावू नका. गरोदरपणात आणि वाढीची टोकं अजून उघडी असलेल्या मुलांमध्ये ते टाळतात. त्या जागी गाठ किंवा कर्करोग असेल तर नाहीच.

घर लहान असेल तर एक गोष्ट हमखास विसरली जाते. रुग्णाला पेसमेकर नसेल, पण शेजारच्या अंथरुणावर झोपणाऱ्या आजोबांना असू शकतो. रात्रभर कॉइल चालणार असेल तर त्यांचं अंथरूण दुसऱ्या खोलीत किंवा निदान खोलीच्या दुसऱ्या टोकाला लावा आणि त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

तीन पद्धती

पहिली शरीराच्या आत बसवायची. टायटॅनियमच्या तारेचं ऋण टोक ग्राफ्टमध्येच पुरतात आणि काडेपेटीएवढी किंवा त्याहून लहान बॅटरी त्वचेखाली ठेवतात. साधारण २० मायक्रोअँपिअरचा स्थिर प्रवाह सुमारे सहा महिने सतत मिळतो. मात्रा महत्त्वाची आहे: ५ मायक्रोअँपिअरच्या खाली हाड फारसं तयार होत नाही, आणि प्रवाह फार वाढवला तर टोकाभोवतीच्या पेशी मरतात. या पद्धतीत तास चुकायचा प्रश्न नाही, म्हणून मणक्याच्या फ्युजनमध्ये (मणके एकमेकांना जोडण्याच्या शस्त्रक्रियेत) आणि बाहेरचं यंत्र नियमित लावतील याची खात्री नसलेल्या रुग्णांमध्ये ती निवडतात. तार प्लेटला किंवा स्क्रूला टेकता कामा नये. टेकली तर प्रवाह ग्राफ्ट सोडून धातूत पसरतो आणि धातू गंजायलाही लागतो. ही काळजी सर्जन घेतात. तुमच्या बाजूने एवढंच: त्वचेखालची बॅटरी बोटांनी चाचपत, फिरवत बसू नका. एमआरआय करायची वेळ आली तर आधी सांगा. आणि फिजिओथेरपी केंद्रात शॉर्टवेव्ह डायथर्मीचा शेक देऊ लागले तर ठाम नकार द्या. त्या शेकाने तार आणि आजूबाजूची ऊती भाजू शकते. साध्या प्लेट-स्क्रूवरही हा शेक देत नाहीत.

दुसरी पद्धत त्वचेवर चिकटवायच्या दोन चकत्यांची. अवयवाच्या दोन बाजूंना समोरासमोर चकत्या लावतात आणि ६० किलोहर्ट्झचा, साधारण ५ व्होल्टचा संकेत त्यांच्यामधून जातो. जाणवत काहीच नाही. ही चोवीस तास लावायची, फक्त आंघोळीला काढायची.

तिसरी आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारी म्हणजे कॉइल. चुंबकीय क्षेत्र सेकंदाला साधारण १५ वेळा स्पंदनांच्या झुबक्यांनी चालू-बंद होतं आणि त्यामुळे हाडात अगदी सूक्ष्म विद्युतक्षेत्र तयार होतं. शिखरावर हे क्षेत्र सुमारे २ मिलीटेस्लापर्यंत असतं. एमआरआय यंत्राचं सहसा १.५ टेस्ला असतं, म्हणजे तुलनेत हे फारच सौम्य. सुरुवातीच्या यंत्रांना रोज ८ ते १० तास लागत. आताची बरीच २ ते ४ तासांची आहेत. याच कुळातला एक प्रकार स्थिर आणि बदलतं क्षेत्र एकत्र वापरतो आणि त्याला रोज ३० मिनिटं पुरतात. एका यंत्राचे तास दुसऱ्याला लावू नका. शेजारच्या इमारतीत कोणी अर्धा तास लावून बरं झालं असेल, पण तुमचं यंत्र आठ तासांचं असेल तर अर्ध्या तासात त्याची मात्रा पोचतच नाही.

फिजिओथेरपीच्या दुकानवजा केंद्रांतली आयएफटी आणि टेन्स ही यंत्रं वेगळी. त्यांचा प्रवाह वेदनेच्या मज्जातंतूंसाठी असतो, हाड जुळवण्यासाठी नव्हे. फिरत्या बाजारात मिळणारे चुंबकाचे पट्टे आणि कडी तर स्थिर चुंबक आहेत. त्यांचं क्षेत्र बदलत नाही, म्हणून हाडात विद्युतक्षेत्रही तयार होत नाही. 'मॅग्नेट थेरपी' असं मोघम नाव सांगून कोणी सिटिंगचे पैसे मागितले तर यंत्र हाड जुळवण्यासाठी मान्यता असलेलं आहे का आणि संकेताची वारंवारता किती, हे विचारा. उत्तर मिळत नसेल तर उठून या.

यंत्र घेताना

भाड्याचं यंत्र घेताना वापराचे तास मोजणारा काउंटर आहे का आणि तो तुमच्यासाठी शून्यावर आणला आहे का, हे समोरच बघून घ्या. कॉइलचा आकार तुमच्या अवयवाला साजेसा हवा. मांडीची कॉइल मनगटावर ढिली लोंबते. वायर जिथे कॉइलमध्ये शिरते तो जोड हाताने हलकेच वाकवून बघा, यंत्राचा दिवा लुकलुकत असेल तर तार आतून तुटत आलेली आहे. सगळ्यात आधी तुटतं ते तिथेच. पुरवठादाराकडून क्षेत्रमापक लावून यंत्र चालू असल्याचं दाखवून घ्या, कारण क्षेत्र जाणवत नाही आणि दिवा लागला म्हणजे कॉइलमधून प्रवाह जातोच असं नाही. डॉक्टरांची चिठ्ठी, जीएसटीचं बिल आणि अनामत रकमेची पावती जपून ठेवा. मेडिक्लेमची चौकशी यंत्र घेण्याआधी करा, नंतर मंजुरी मिळणं अवघड जातं.

बाहेरची सळ्यांची चौकट लावलेली असेल तर फ्रिजवरचा चुंबक घेऊन सळ्यांना आणि क्लँपना टेकवून बघा. चिकटला तर डॉक्टरांना सांगा, कारण चुंबकाला चिकटणारा धातू क्षेत्र आपल्याकडे वळवून घेतो. शरीरातल्या प्लेट आणि रॉडचं ३१६एल स्टील किंवा टायटॅनियम चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे त्यांची काळजी करू नका.

कॉइल बसवणं: यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा

पट्टा कुठे बांधायचा, असं विचारलं की बहुतेक जण दुखतं तिथे बोट ठेवतात. ग्राफ्ट कमरेतून काढला असेल तर सुरुवातीचे आठवडे नडगीपेक्षा कंबरच जास्त दुखते, आणि काही घरांत कॉइल चक्क कमरेवर बांधलेली आढळते. कॉइल ग्राफ्ट भरला त्या जागी लावायची, काढला त्या जागी नाही.

१. ड्रेसिंगला जाल तेव्हा डॉक्टरांनाच त्वचेवर किंवा प्लास्टरवर पक्क्या मार्करने ग्राफ्टच्या मध्यावर फुली मारायला सांगा. एक्स-रेवर मोजपट्टी ठेवून घरी अंतर काढू नका, कारण फिल्मवर हाड खऱ्यापेक्षा मोठं दिसतं.

२. फुली आंघोळीने पुसते. म्हणून पक्क्या खुणेपासून अंतर मोजून वहीत लिहून ठेवा. नडगीसाठी आतल्या बाजूचा घोटा किंवा गुडघ्याच्या वाटीची खालची कड घ्या. उदाहरणार्थ, 'आतल्या घोट्यापासून वर १४ सेंटिमीटर, पुढच्या धारेवर'. घरात आणखी एका व्यक्तीला हे अंतर पाठ असू द्या.

३. कॉइलच्या मधोमध खूण नसेल तर रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि तो फुलीवर आणा. कॉइलवर आतली-बाहेरची बाजू किंवा बाण दाखवलेला असेल तर तो तपासा.

४. दोन कॉइल असतील तर त्या समोरासमोर, एकमेकींना समांतर आणि बाण एकाच दिशेला ठेवून बांधा. एक उलटी बसली तर दोघींची क्षेत्रं मधोमध, म्हणजे नेमकी ग्राफ्टपाशी, एकमेकांना खोडून काढतात. यंत्राचा दिवा तेव्हाही लागलेलाच असतो.

५. कॉइल आणि त्वचा यांच्यामध्ये सुती कापडाचा एकच पातळ थर द्या. जाड टॉवेल, उशी, गुंडाळलेली चादर नको.

पातळ थरावर एवढा भर का, तर अंतराचं गणित. साध्या गोल कॉइलची त्रिज्या ६ सेंटिमीटर धरा. तिच्या मध्यापासून ३ सेंटिमीटर आत क्षेत्र सुमारे ७२ टक्के उरतं, ६ सेंटिमीटरवर ३५ टक्के आणि १२ सेंटिमीटरवर जेमतेम ९ टक्के. पट्टा तीन बोटं ढिला राहिला किंवा मधे टॉवेल आला तर मात्रा निम्म्यावर येऊ शकते. प्लास्टर क्षेत्राला अडवत नाही, पण त्याची जाडी अंतर वाढवते. फार जाड प्लास्टर असेल तर त्या जागी पातळ करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

६. झोपेत कॉइल घसरते, मांडीवर तर नक्कीच, कारण मांडी खाली निमुळती होते. वेल्क्रोच्या पट्ट्यावरून क्रेप बँडेजचे दोन सैलसर वेढे द्या. बोटं निळी पडत नाहीत ना, मुंग्या येत नाहीत ना, हे दहा मिनिटांनी बघा. पहाटे जाग आली की पहिल्यांदा पट्टीचा तुकडा फुलीवर आहे का ते पाहा. सरकलेला असेल तर ती रात्र वहीत 'अर्धी' म्हणून मांडा.

मणक्यासाठी कॉइल कमरपट्ट्यासारखी किंवा गळपट्ट्यासारखी येते. बसताना ती वर सरकते. बसून आणि उभं राहून, दोन्ही वेळा आरशात तपासा.

चकत्या लावायच्या असतील तर

त्वचा साबण-पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा. तेल, पावडर, बाम काही नको. केस वस्तऱ्याने काढू नका, कातरीने बारीक करा. वस्तऱ्याच्या ओरखड्यांवर जेल चुरचुरतं आणि पुरळ येतं. चकत्या बरोबर समोरासमोर हव्यात, प्लास्टर असेल तर त्यात दोन्ही बाजूंना खिडक्या कापून घ्याव्या लागतात. नवी चकती लावताना मागच्या जागेपासून एखादा सेंटिमीटर सरकवून लावा, त्वचेला विसावा मिळतो.

आपल्याकडच्या मे आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात घामाने चकतीची कड उचलली जाते आणि यंत्र संपर्क तुटल्याची सूचना देऊ लागतं. कड चिकटपट्टीने दाबून ठेवू नका, तिच्याखाली घाम साचतो. चकती काढा, त्वचा पुसून पंख्याखाली दहा मिनिटं कोरडी करा आणि नवी लावा. पावसाळ्यात चकत्यांचं पाकीट हवाबंद डब्यात ठेवा. लाल डाग दोन दिवसांत गेला नाही, पाणी सुटलं किंवा खाज थांबेना, तर चकत्या बंद करून डॉक्टरांना दाखवा.

रोजचे तास

१९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, न जुळलेल्या हाडांवरच्या एका मोठ्या पाहणीत रोज सरासरी ३ तास किंवा जास्त कॉइल लावणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांचं हाड जुळलं. ३ तासांपेक्षा कमी लावणाऱ्यांमध्ये हा आकडा ३६ टक्क्यांच्या आसपास होता. नियमित यंत्र लावणारा माणूस बाकीची पथ्यंही पाळतो, त्यामुळे सगळं श्रेय तासांना देता येणार नाही. तरीही एवढी तफावत दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

रोजच्या दिवसात वेळ आधीच ठरवून टाका. आठ तासांची कॉइल रात्री. तीन तासांची असेल तर संध्याकाळी सातला लावून दहाला काढायची. अर्ध्या तासाची सकाळच्या चहाआधी. जी रिकामी वेळ मिळेल तेव्हा लावू म्हटलं की पाहुणे येतात, क्लिनिकचा नंबर लागतो आणि दिवस निघून जातो. तास दोन तुकड्यांत विभागले तर चालतात का, हे यंत्राच्या पुस्तिकेत पाहा, काहींमध्ये चालतं, काहींमध्ये सलगच लागतं. आज चुकलं म्हणून उद्या दुप्पट लावून भरपाई होत नाही. बऱ्याच यंत्रांची मात्रा पूर्ण झाली की ती आपोआप बंद होतात.

कामावर जायला लागलात तरी यंत्र लोकलमध्ये लावून प्रवास करू नका. ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत धक्क्याने पट्टा सरकतो आणि पायालाही मार बसण्याची भीती. मॉल, मेट्रो, विमानतळ इथल्या धातुशोधक चौकटीतून जाताना यंत्र बंद करून हातात द्या, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा.

चार्जिंगचं म्हणाल तर यंत्राबरोबर आलेला चार्जरच वापरा, मोबाइलचा लावू नका. अंगावर असताना चार्ज करायचं की नाही, हे पुस्तिकेप्रमाणे. पावसाळ्यात वीज जाण्याचा भरवसा नसतो, म्हणून रात्री लावायचं यंत्र दुपारीच भरून ठेवा आणि स्पाइक गार्डच्या बोर्डवर लावा.

वहीत रोज एक ओळ पुरते: तारीख, लावलं आणि काढलं ती वेळ, काउंटरचा आकडा, दुखणं ० ते १० मध्ये किती, त्वचा कशी. ही वही आणि यंत्र दोन्ही प्रत्येक तपासणीला न्या. हाड जुळलं नाही तर उपचार फसला की उपचार झालाच नाही, हे डॉक्टरांना काउंटरवरूनच कळतं.

यंत्र चालू असताना हाड कशामुळे अडतं

तंबाखू. सिगारेट, गुटखा, खैनी आणि मशेरी सुद्धा. घरातल्या बायका दात घासायला मशेरी लावतात ती कोणी व्यसनात धरत नाही, डॉक्टरांनी विचारलं तरी 'नाही' असंच उत्तर येतं. निकोटिन हिरडीतून रक्तात जातं आणि बारीक रक्तवाहिन्या आकसवतं. ग्राफ्टला नेमक्या त्याच रक्तवाहिन्या हव्या असतात. उपचार सुरू करण्याच्या दिवशीच बंद करा आणि बंद होत नसेल तर डॉक्टरांना खरं सांगा.

डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या आठवडेच्या आठवडे मेडिकलमधून आणून घेणं टाळा. दीर्घकाळ घेतल्या तर त्या हाड जुळण्याच्या सुरुवातीच्या टप्प्यात अडथळा आणू शकतात. पर्यायी गोळी डॉक्टरांकडून लिहून घ्या. ड जीवनसत्त्व, थायरॉइड आणि मधुमेह असेल तर एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर) तपासून घ्या. उन्हाच्या प्रदेशात राहूनही आपल्या शहरांत ड जीवनसत्त्वाची कमतरता खूप आढळते. प्रथिनं कमी पडू देऊ नका: रोज डाळ, उसळ, दूध-दही, चालत असेल तर अंडी, मासे.

आणि भार. यंत्र लावलं म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्यापेक्षा जास्त वजन पायावर टाकायचं नाही. नौपाड्यातल्या किंवा कोळीवाड्यातल्या लिफ्ट नसलेल्या घरात जिन्याचा प्रश्न पहिल्या दिवसापासून येतो. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कुबड्या आणि दुखरा पाय, एक हात कठड्यावर. शक्य असेल तर पहिले सहा आठवडे तळमजल्यावरच्या नातेवाइकांकडे राहा. पण 'अजिबात टेकू नका' असं सांगितलं नसेल तर घाबरून पाय अधांतरीही ठेवू नका. वजनकाट्यावर पाय ठेवून १० किंवा १५ किलोचा दाब कसा वाटतो हे फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

एक्स-रे वाचताना

साधारण दर सहा आठवड्यांनी एक्स-रे होतो, पुढून आणि बाजूने. या दोन फिल्मवर हाडाच्या मिळून चार कडा दिसतात. त्यांपैकी तीन कडांवर नवं हाड फटीवरून सलग गेलेलं दिसलं की लांब हाड जुळत आलं असं सहसा धरतात. पेशींचं काम आधी होतं, चुना नंतर भरतो, त्यामुळे पहिल्या सहा आठवड्यांच्या फिल्मवर काही दिसलं नाही म्हणून यंत्र परत करायची घाई नको.

ग्राफ्टच्या जागी पांढरं दिसलं म्हणजे हाड जुळलं, ही गल्लत फार होते. हायड्रॉक्सीअपटाइटसारखे कृत्रिम ग्राफ्ट पहिल्याच दिवशी पांढरेशुभ्र दिसतात. पांढरेपणा बघू नका, ग्राफ्ट आणि मूळ हाड यांच्यामधली काळी रेघ पुसत चालली आहे का ते बघा. प्लेट किंवा रॉडमुळे ती रेघ झाकली गेली तर डॉक्टर सीटी स्कॅन सांगतात. जुन्या फिल्म फेकू नका. कळव्याच्या रुग्णालयात एक आणि नेरूळच्या खासगी केंद्रात दुसरी काढली तरी दोन्ही एकाच पिशवीत ठेवा. तुलना केल्याशिवाय प्रगती कळत नाही.

किती आशा ठेवायची

खोट्या, म्हणजे दिसायला तसंच पण संकेत न देणाऱ्या यंत्राशी तुलना करून केलेल्या १५ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्युत आणि चुंबकीय उत्तेजनाने एक्स-रेवर हाड न जुळण्याचा धोका ३५ टक्क्यांनी कमी झालेला दिसला, दुखणंही थोडं कमी झालं. चालणं-वावरणं मात्र यंत्रामुळे सुधारलं असं दिसलं नाही. मानेच्या मणक्यात हाडपेढीचा ग्राफ्ट आणि प्लेट बसवलेल्या ३२३ रुग्णांच्या २००८ मधल्या चाचणीत सहा महिन्यांनी कॉइल लावणाऱ्या गटात सुमारे ८४ टक्के आणि न लावणाऱ्या गटात ६९ टक्के फ्युजन झालं होतं. बारा महिन्यांनी ही तफावत संख्याशास्त्राच्या दृष्टीने उरली नाही. या रुग्णांमध्ये धूम्रपान करणारे किंवा एकाहून जास्त मणके जोडलेलेच होते, म्हणजे हाड न धरण्याचा धोका मुळातच जास्त. आमच्या मते याचा अर्थ असा: धोका जास्त असेल तिथे यंत्राचा खर्च आणि त्रास पटण्यासारखा आहे, तरुण निरोगी माणसाच्या ताज्या, नीट बसवलेल्या ग्राफ्टला प्रत्येक वेळी त्याची गरज नाही. डॉक्टरांना हा प्रश्न विचारायला संकोच वाटू देऊ नका.

कधी थांबायचं

ताप, जखमेतून स्राव, जागेवर वाढती ऊब, अचानक वाढलेलं दुखणं, पायाचा आकार बदललेला वाटणं, यांपैकी काही झालं तर यंत्र बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पोटरी सुजून दुखू लागली आणि दम लागला तर वाट न बघता १०८ ला फोन करून रुग्णालयात जा. ती रक्ताची गुठळी असू शकते.

तास नियमित भरले, काउंटर वहीशी जुळतो, तरी लागोपाठ तीन महिन्यांच्या फिल्ममध्ये काहीच फरक नाही, तर यंत्राचं भाडं पुढे वाढवू नका. स्क्रू, फट आणि संसर्ग पुन्हा तपासायला सांगा, दुसऱ्या ग्राफ्टची चर्चा तेव्हाच व्हायला हवी. हाड जुळलं असं डॉक्टरांनी सांगितलं तर यंत्र त्यांनी ठरवलेल्या तारखेलाच बंद करा आणि पुढच्या फिल्मची तारीख घेऊन ठेवा. पायावरचं वजन टप्प्याटप्प्याने वाढवायचं. त्वचेखालची बॅटरी असेल तर तिचं काम संपल्यावर ती लहानशा शस्त्रक्रियेने काढायची की ठेवायची, हे त्याच भेटीत ठरवून घ्या. यंत्र परत देताना काउंटरच्या शेवटच्या आकड्याचा फोटो काढून घ्या आणि अनामत रकमेच्या पावतीवर परतीची तारीख लिहून घ्या.